गुडघे दुखणाऱ्यांची शिखरे

संपादक महोदय,

गुडघ्यांमुळे कळसूबाई आता माझ्याने होत नाही. म्हणून मे महिन्यात नेदरलँड्समधल्या लेकीने मला गाडीतून तीन देशांची सर्वोच्च ठिकाणे दाखवली. नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूमीवरचे फाल्सरबर्ग ३२२ मीटर. शेजारीच जर्मनी, बेल्जियमच्या सीमा मिळतात. तिथल्या सीमाखांबाला मी प्रदक्षिणा घातली. बेल्जियमचे बोत्रांज ६९४ मीटर. ७०० भरावेत म्हणून १९२३ मध्ये तिथे ६ मीटरचा उंचवटा रचला. त्याच्या पायऱ्या मी लेकीचा हात न धरता चढले! लक्झेंबर्गचे क्नाइफ ५६० मीटर, आजूबाजूला शेते, वाऱ्याशिवाय आवाज नाही. तिथे आम्ही दशम्या सोडल्या. आपल्या पर्यटन पुरवणीत गडकिल्ल्यांसोबत म्हाताऱ्यांना झेपतील अशा उंच जागांचीही माहिती द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, संगमनेर