ओवीच्या पांगुळगाड्याबद्दल

प्रिय मुक्ता,

तुझं पत्र काल मिळालं. ओवी पलंगाची कड धरून उभी राहिली, हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि मग अर्णवला हाक मारून मोठ्याने वाचून दाखवलं. उभी राहिली खरी, पण खाली कसं बसायचं ते न कळून रडायला लागली, हे वाचताना तर ती अगदी डोळ्यांसमोर आली. अर्णवचंही असंच व्हायचं. बसायला गुडघे वाकवावे लागतात हे त्याला उमगायला चार दिवस गेले. तोवर पाळण्याचे गज धरून उभा राहायचा आणि दर अर्ध्या तासाने आम्हाला हाका मारायचा. तू हळूच तिचे गुडघे मागून वाकवून बसवत जा. दहा-वीस वेळा केलंस की जमेल तिला.

आता ओवीला पांगुळगाडा घ्यावा का, या तुझ्या प्रश्नाचं. आधी तुझ्या जाऊबाईंच्या त्या गोल वॉकरबद्दल लिहिते, कारण ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो घेऊ नकोस, मुक्ता. त्यांनी प्रेमाने देऊ केलाय, त्यांची मुलंही त्यात बसून मोठी झाली, सगळं मान्य. पण बाळाला मधल्या झोळीत बसवायचं आणि त्याने पायाच्या बोटांनी जमीन ढकलत पळायचं, यात चालण्याची सवय होतच नाही. अंगाचा भार झोळीवर, तोल सांभाळायचं काम चाकांचं, आणि समोरच्या ट्रेमुळे स्वतःचे पाय दिसतसुद्धा नाहीत. वर तो वॉकर एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर कापतो. तू शेजारी बसलेली असलीस तरी हात पुढे करेपर्यंत ती जिन्यापाशी पोचलेली असेल. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात पंधरा महिन्यांखालच्या दोन लाख तीस हजारांहून जास्त मुलांना या वॉकरच्या अपघातांमुळे इस्पितळात न्यावं लागलं. त्यातल्या दहापैकी नऊ मुलांना डोक्याला किंवा मानेला मार लागला होता, आणि बहुतेक मुलं जिन्यावरूनच पडली होती. कॅनडाने तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. जाऊबाईंना वाईट वाटू नये म्हणून डॉक्टरांचं नाव पुढे कर हवं तर. बालरोगतज्ज्ञ खरोखरच नको म्हणतात, त्यामुळे त्यात खोटं काहीच नाही.

पांगुळगाड्याची गोष्ट वेगळी. तिथे बाळ मागे उभं असतं, स्वतःच्या पायांवर. कंटाळा आला की हात सोडून खाली बसतं. पण तोही घाईने आणू नकोस. आमची चूक तीच झाली. अर्णव साडेनऊ महिन्यांचा होता, नुकता उभा राहायला लागला होता, अजून कडेकडेने चालतही नव्हता. आम्ही उत्साहाने एक प्लास्टिकचा गाडा आणला. रंगीत बटणं, दिवे, गाणी, सगळं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याने दांडा धरला, पुढे वाकला आणि अंगाचा सगळा भार दांड्यावर टाकला. गाडा फरशीवरून सुसाट पुढे गेला. पाय तिथेच राहिले आणि तो हनुवटीवर आपटला. वरचा ओठ आतून फाटला. रक्त पाहून माझे हात कापत होते. जखम आठवडाभरात भरली, पण त्यानंतर दोन आठवडे तो गाडा दिसला तरी तोंड फिरवून माझ्या मांडीत शिरायचा. त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो. म्हणूनच इतकं लांबण लावते आहे.

गाडा हलका होता, हाच त्याचा खरा दोष. नवखं बाळ दांडा ढकलत नाही, त्यावर रेलतं. त्यामुळे गाडा जड हवा आणि चाकं सहज न पळणारी हवीत. चाकांवर रबराची पट्टी असेल तर फार बरं, आणि चाकं आवळून वेग कमी करायचा स्क्रू असेल तर आणखी चांगलं. तुमच्याकडे गुळगुळीत फरशी आहे, तेव्हा पहिले काही दिवस सतरंजीवरच खेळू दे. आम्ही पुढे त्याच गाड्याच्या कप्प्यात जाडजूड पुस्तकं भरली. वजन तळाला, पुढच्या बाजूला ठेवायचं. दांड्याच्या बाजूला ठेवलंस तर उलटाच परिणाम होतो.

दुकानात गेलीस की एक गोष्ट नक्की कर. दांड्यावर तळहात ठेवून सरळ खाली दाब, आणि मग स्वतःकडे ओढून बघ. कारण ओवी आधी गाडा ढकलणार नाही, त्याला धरून उठायला बघेल. पुढची चाकं उचलली गेली तर तो गाडा तिच्या अंगावर उलटणार. दांड्याची उंची तिच्या कमरेच्या वर आणि छातीच्या खाली हवी. फार खाली असेल तर ती ओणवी होते, आणि खांद्याएवढी असेल तर लोंबकळते. मागच्या दोन चाकांमध्ये तिची पावलं मोकळी पडतील एवढी जागाही हवी, नाहीतर नडगी दांडीवर आपटते. जुन्या धाटणीचा तीन चाकी गाडा दिसायला फार गोड असतो, मलाही आवडतो, पण एकीकडे जोर पडला की कलतो. माझं मत रुंद बैठकीच्या चार चाकीला.

दिवे-गाण्यांचा मोह टाळ. त्या बटणांसाठी अर्णव गाड्यापुढे बसून राहायचा, ढकलायचं नावच नाही. तरीही तसाच घेतलास तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं ना ते पाहा. बटणाएवढी चपटी बॅटरी बाळाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. मणी, खुंट्या, काही सैल तर नाही ना, तेही ओढून बघ.

आणि पायांत काही घालू नकोस. अनवाणी असताना बोटं कशी फरशी पकडतात ते एकदा वाकून पाहा. अर्णवची बोटं टोकाशी पांढरी पडायची इतकी घट्ट रोवलेली असायची. मोजे घातले की तेच पाऊल घसरायचं.

तू लिहिलंस की शेजारची मुलगी दहाव्या महिन्यात चालली आणि ओवी अजून चालत नाही. अगं, जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास करून २००६ साली जे आकडे दिले, त्यांत एकट्याने चालण्याचं वय आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत आहे. आणि ओवी तर तीन आठवडे आधी जन्मली आहे, तेही धर. अठरा महिने झाले तरी चालली नाही तर डॉक्टरांना दाखवायचं. त्याआधी, जमलेलं काही करेनाशी झाली किंवा एकाच बाजूचा पाय ओढू लागली, तरच लगेच जायचं. एरवी वाट पाहायची. अमेरिकेतल्या कॅरन अडॉल्फ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं मोकळं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात, असं त्यात आढळलं. तासाला सतरा वेळा! हे वाचल्यावर मी अर्णव पडला की धावत जाणं कमी केलं. आधी त्याच्या तोंडाकडे बघायचे. बहुतेक वेळा तो उठलेलाच असायचा.

म्हणजे गाडा नसला तरी ती चालणारच आहे. गाडा तिला मजा देतो, घर आपलं आपण फिरता येतं याचा आनंद देतो. अर्णव भिंतीपाशी अडला की दांडा हलवून ओरडायचा, कारण आमच्या गाड्याची चाकं वळत नव्हती. मी उठून गाडा फिरवून द्यायचे आणि तो परत निघायचा. पुढे पुढे स्वतःच मागच्या बाजूने गाडा उचलून वळवायला लागला. त्या दिवशीचं त्याचं हसू तुला दाखवता आलं असतं तर! जिन्याला फाटक मात्र गाडा घरात येण्याआधी लागलंच पाहिजे.

अजून एक सुचतंय. प्लास्टिकचा गाडा बाजूला ठेवल्यावर ताईने तिच्याकडचा लाकडी गाडा आम्हाला दिला होता. साध्या लाकडाचा आहे, रंग नाही, चांगला जड आहे. जुना रंग असता तर शिसं असेल या भीतीने मी तो तुला देऊच केला नसता. काल माळ्यावरून काढून कडांवरून हात फिरवला. एका कोपऱ्यात कुसळ निघालंय, ते पॉलिश पेपरने घासून घेते. मागच्या एका चाकाचं रबर झिजलंय, तेही बदलते. दांडा जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर आहे.

ओवीला भिंतीला टेकवून उभी कर आणि टाचेपासून कमरेपर्यंत आणि टाचेपासून छातीपर्यंत अशी दोन मापं दोऱ्याने घेऊन कळव. दांडा त्या दोहोंच्या मधे येत असेल तर गाडा लगेच पाठवते, नाहीतर महिनाभर थांबू. आला तरी ती पलंगाच्या कडेकडेने चालायला लागल्यावरच तिला दे.

तुझी,
सुमेधा