झेंड्यांची दोरी आणि उजवा पाय

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

पोहण्याच्या स्पर्धेत लेकीचा ब्रेस्टस्ट्रोक आता डीक्यू, म्हणजे नियमभंगामुळे बाद, होत नाही. तुमचे आभार तोंडी मानून झालेच आहेत, पण तुम्ही नेमकं काय केलंत ते बडोद्यातल्या इतर पालकांनाही कळावं, म्हणून हे उघड पत्र.

नऊ वर्षांच्या मुलीचा डावा पाय बरोबर आणि उजवा पंजा आत वळलेला, म्हणजे कैची किक. पंच यासाठी सरळ बाद करतात. अशा वेळी 'जोरात मार' म्हटलं की चूक आणखी पक्की होते. तुम्ही आठवडाभर तिला लांबी मारूच दिली नाहीत. तलावाच्या काठावर बसवलंत, हात मागे टेकवून, पाय पाण्यात. टाचा मागे ओढायच्या, पंजे बाहेर वळवायचे, गोल फिरवत लोटायचं, तळवे जोडून तीन आकडे थांबायचं. आधी पायांकडे बघत, मग डोळे मिटून. त्यानंतर भिंत धरून पालथं. इथे पाय दिसत नाहीत, त्यामुळे जुनी खोड हमखास परत येते. तेव्हा तुम्ही तिचा पंजा हातात धरून तो बाहेर वळवत राहिलात. शेवटी पाठीवर, मांड्यांवर किकबोर्ड (तरंगणारी फळी) धरून. गुडघा वर आला की बोर्ड उचलला जातो आणि चूक पोराला स्वतःलाच कळते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये गुडघे पोटाखाली ओढले की मांड्या पाणी अडवतात. मग किक कितीही जोरात बसो, वेग त्या ब्रेकमध्येच जातो.

स्टॉपवॉच आम्हाला घरीच ठेवायला सांगितलंत, ते तेव्हा जरा लागलं होतं! त्याऐवजी एका लांबीला किती हात मारावे लागतात ते मोजायचं: 25 मीटर चार वेळा, मध्ये 30 सेकंद विश्रांती. पहिल्या फेरीला 16 आणि चौथीला 19 हात लागले, तर पोर दमलंय, ग्लाइड (हात मारल्यावर पाण्यात सरकत राहणं) संपलाय. पाचवी मारायची नाही.

फ्रीस्टाइलमध्ये तुमचं एकच पालुपद, 'माथुं नीचे'. डोकं वर की कंबर खाली, आणि कंबर खाली गेली की पाय नांगरासारखे ओढले जातात. श्वास घेताना एक गॉगल पाण्यात राहिला पाहिजे. उच्छ्वास आधीच पाण्यात सोडून झालेला असला, तर मान उचलावी लागत नाही. हँड पॅडल, म्हणजे तळहातावर बांधायच्या चपट्या पट्ट्या, विकत आणायला निघालो होतो, तेही तुम्ही थांबवलंत. या वयाच्या खांद्यांवर तो भार नको. बटरफ्लायचं काम अजून बाकी आहे. सध्या एका हाताने, मग पूर्ण चारच हात, लय तुटायच्या आत थांबायचं.

बॅकस्ट्रोकची गोष्ट मात्र वेगळी. भिंतीला डोकं आपटेल या भीतीने मुलं शेवटी मान वळवून बघतात, अंग पालथं होतं, आणि बॅकस्ट्रोक पाठीवरच संपवायचा असतो. स्पर्धेत भिंतीच्या अलीकडे 5 मीटरवर, पाण्यापासून किमान 1.8 मीटर उंच झेंडे असतात. तुम्ही जुन्या साडीच्या पट्ट्या नायलॉनच्या दोरीला बांधून तेवढ्याच अंतरावर लावल्यात. पट्टी डोक्यावरून गेली की भिंतीपर्यंतचे हात मोजायचे. आमच्या मुलीचे सहा हात, शेजारच्या लेनमधल्या उंच मुलाचे चार. दुसऱ्याचा आकडा उसना चालत नाही. उंची वाढली की पुन्हा मोजायचं, हे पालक हमखास विसरतात.

टर्नला, म्हणजे भिंतीपाशी वळताना, दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला, ब्रेस्टस्ट्रोकलाही आणि बटरफ्लायलाही. हे तुम्ही प्रत्येक सरावात बघता, दमलेल्या शेवटच्या लांबीलासुद्धा. हात पुढे-मागे लागतात ते तिथेच.

आणि हो, सेव-उसळ सरावानंतरच, हेही घरात आता मान्य झालंय.

दोरीच्या दोन पट्ट्या विरल्या होत्या, त्या बदलल्या आहेत. सोमवारी बॅचच्या आधी आणून देतो.

आपले नम्र,
लेन तीनमधल्या मुलीचे आई-बाबा
दांडिया बाजार, बडोदे