चिमणीच्या लेकीचं कुणाला काही ठाऊक आहे का?

महोदय,

2024च्या सुरुवातीला भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत मारवाडी, काठेवाडी, मणिपुरी वगैरेंच्या पंगतीत तो आठवा येऊन बसला. राज्यगीतात ज्यांचा उल्लेख आपण अभिमानाने गातो, त्या तट्टांना सरकारदरबारी कागद मिळाला. ती बातमी वाचल्यापासून हे पत्र लिहायचं मनात होतं. धीर होत नव्हता, कारण विषय एका टांग्याच्या घोडीचा आहे.

माझे वडील ठाणे स्टेशनवर टांगा चालवत. स्टेशन ते जांभळी नाका, तलावपाळीवरून टेंभी नाका, फार तर उथळसर. 1966 ते 1978 त्या टांग्याला एकच घोडी होती. उंची जेमतेम सव्वाचार फूट, म्हणून अड्ड्यावर तिचं नाव पडलं चिमणी. रंग कुमैत, म्हणजे अंग खारकेसारखं आणि आयाळ-शेपूट काळी. सकाळी खरारा करायचं काम माझं. पोटाखाली हात गेला की ती मागचा पाय उचलून नुसती धमकी द्यायची. लाथ एकदाही मारली नाही.

तिच्या वंशावरून अड्ड्यावर कायम वाद. शेजारून दुसरा टांगा पुढे गेला की चिमणी पेटायची, म्हणून काहीजण म्हणत, ही महालक्ष्मीच्या रेसची औलाद. ते मला तेव्हाही पटत नव्हतं. रेसच्या घोड्याचं सगळं लिहिलेलं असतं. त्यांचं वंशावळीचं पुस्तक इंग्लंडात 1791पासून चालू आहे आणि जगातला असा प्रत्येक घोडा बापाच्या बाजूने तीनच नरांपाशी जाऊन पोचतो. आमच्या चिमणीचा बाप कोण, हे तिच्या आईलाच ठाऊक.

दुसरा पक्ष काठेवाडीचा. तिचे कान आत वळलेले होते आणि रिकाम्या टांग्याला ती रेवाल चालीत यायची. त्या चालीत एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर पडतात, वरच्या माणसाच्या पोटातलं पाणी हलत नाही. वडिलांनी एकदा सगळ्यांसमोर दोन्ही कान तळहातांत धरून जवळ आणले. अस्सल काठेवाडीच्या कानांची टोकं आपसूक एकमेकांना टेकतात. हिची ओढूनसुद्धा दोन बोटं लांब राहिली. वाद तरी मिटला नाहीच.

वडिलांचं म्हणणं एकच, ही भीमथडीची. थड म्हणजे काठ, भीमेकाठची. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन धनगर घाट उतरून कोकणात येतात, तशा एका वाड्याकडून, म्हणजे धनगरांच्या तांड्याकडून, मुरबाडजवळ त्यांनी ती घेतली होती. आता विचार करताना मला दोन गोष्टी वडिलांच्या बाजूच्या वाटतात. एक म्हणजे तिचे खूर. ते काळेभोर आणि असे कठीण, की नाल ठोकताना नालबंदाचे खिळे वाकायचे आणि तो आमच्यावर चिडायचा. दुसरी गोष्ट कोंबड्यांची. चिमणी रिक्षाच्या भोंग्याला दचकायची, वरातीच्या बँडला तर मागे सरायची. पण एकदा जांभळी नाक्यावर बाजाराला आलेल्या बाईच्या पाटीतली कोंबडी सुटून थेट तिच्या पाठीवर जाऊन बसली. कोंबडीने पंख फडफडवले, नखं रोवली. हिने कानसुद्धा हलवला नाही. धनगरांचं सगळं बिऱ्हाड घोड्यावर असतं, भांडीकुंडी, कोकरं आणि वर बांधलेल्या कोंबड्या. ती सवय दुसरीकडे कुठे लागणार?

(आमची जात कुणी विचारली की वडील चिमणीची सांगत. विचारणारा पुन्हा विचारत नसे.)

1978च्या पावसाळ्यात तिला पोटशूळ झाला. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून पोटदुखी त्याच्या जिवावर बेतते. खाली लोळू द्यायचं नाही म्हणून वडील रात्रभर तिला चरईच्या गल्ल्यांतून फिरवत होते आणि मी कंदील घेऊन पुढे. डॉक्टर आले तेव्हा उजाडलं होतं. उशीर का झाला, त्यात आता शिरत नाही. वडिलांनी तिच्या शेपटीचे केस कात्रीने कापून घेतले, त्याची चवरी केली. ती अजून आमच्या देव्हाऱ्याशेजारी आहे.

मध्यंतरी कळलं, की केसावरूनही वंश तपासता येतो. पण केस मुळासकट उपटलेले असते तर बरं झालं असतं. नुसत्या कापलेल्या केसातून बहुधा आईकडचीच बाजू कळते. आई, तिची आई, तिची आई, अशी. मला ते ऐकून वाईट वाटायच्या ऐवजी आनंद झाला. रेसच्या पुस्तकात सगळा मान त्या तीन नरांना. इथे निदान घोडीची आजी तरी विचारली जाते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. 1974च्या उन्हाळ्यात चिमणीला एक शिंगी, म्हणजे मादी शिंगरू, झाली होती. दीड वर्षाची झाल्यावर वडिलांनी ती नेरळच्या एका घोडेवाल्याला विकली. माथेरानला पर्यटकांसाठी नेणार, असं तो म्हणाला होता. ती स्वतः आता नसणार, घोडा पंचवीस-तीस वर्षांपलीकडे क्वचितच जातो. पण तिला लेकी झाल्या असतील, त्या लेकींना लेकी. त्यातली एखादी आज दस्तुरी नाक्यावर गिऱ्हाइकाची वाट बघत उभी असेल, तर तिच्यात आणि माझ्या देव्हाऱ्याजवळच्या चवरीत आईकडचं रक्त एकच असेल. नेरळ-माथेरानकडच्या जुन्या घोडेवाल्यांपैकी कुणाला आठवत असेल तर कृपया आपल्या याच सदरातून कळवावं.

खूण सांगतो. रंग आईचाच, कुमैत. मागचा डावा पाय खुरापासून चार बोटं पांढरा, उजव्या कानाचं टोक जन्मतःच दुमडलेलं. नाव सांगता येत नाही. विकायचं जनावर, घेणारा ठेवेल नाव, असं म्हणून वडिलांनी ते ठेवूच दिलं नाही.

— एक जुना ठाणेकर, चरई, ठाणे