मधुरास, त्या चार आठवड्यांबद्दल

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस पदवीचा फॉर्म तू भरते आहेस, म्हणून हे सविस्तर लिहिते. फोनवर तुझी जेवणाची सुट्टी संपते आणि बोलणं अर्धवट राहतं.

बारावी कॉमर्सची, जेईई दिलेली नाही, म्हणून संकोचू नकोस. डेटा सायन्सच्या या पदवीला जेईई लागतच नाही. बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असलं की झालं. पात्रता परीक्षेत ठरलेले गुण मिळाले की प्रवेश मिळतो.

पात्रतेला इंग्रजी, गणित, संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग असे विषय आहेत. चार आठवडे व्हिडिओ आणि दर आठवड्याला प्रत्येक विषयाची असाइनमेंट. पहिल्या तीन आठवड्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन असाइनमेंटची सरासरी, खुल्या प्रवर्गाला, प्रत्येक विषयात ४० टक्के हवी. तेवढी आली तरच परीक्षेला बसू देतात. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायची, चार तासांची. तिथेही प्रत्येक विषयात किमान ४० आणि एकूण सरासरी ५० टक्के.

पुष्कळ मुलं परीक्षेआधीच गळतात. ‘आपल्या वेळेने शिका’ हे ऐकून व्हिडिओ साठवत जातात आणि दुसऱ्या आठवड्यात आठ असाइनमेंट अंगावर येतात. व्हिडिओ तू रात्री अकराला बघ नाहीतर पहाटे पाचला, पण असाइनमेंटची मुदत टळली की टळली. म्हणून आठवडा सुरू झाला की दुसऱ्याच दिवशी जमेल तेवढी उत्तरं भरून सबमिट कर. मुदतीपर्यंत पुन्हा सबमिट करता येतं आणि शेवटचं धरलं जातं. शेवटच्या रात्री नेट गेलं तरी खात्यात काहीतरी असेल.

कॉम्प्युटेशनल थिंकिंगची भीती वाटते म्हणालीस. तिथे कॉम्प्युटरची भाषा येत नाही, कार्डांचे गठ्ठे येतात: मुलांच्या गुणांची कार्डं, दुकानाची बिलं. एक गठ्ठा डावीकडे ठेव. वरचं कार्ड उचल, गणिताचे गुण ८० च्या वर असले तर मोजणीत एक वाढव, कार्ड उजवीकडे ठेव, पुढचं घे. डावा गठ्ठा संपला की थांब. प्रश्नांत बहुतेक हेच असतं आणि कुठली पायरी चुकली ते विचारतात. कार्ड उजवीकडे ठेवण्याची ओळच गाळलेली असली, तर तेच कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं जातं आणि काम कधी संपतच नाही. मोजणी शून्यावर आणायची ओळ गठ्ठ्याच्या फेरीच्या आत लिहिली, तर प्रत्येक कार्डाला मोजणी पुसली जाते. नुसता व्हिडिओ बघून हे डोक्यात बसत नाही गं. हाताने कार्डं हलव आणि प्रत्येक पायरीला मोजणी किती झाली ते वहीत लिही.

संख्याशास्त्रात एकच जपायचं: नमुन्याचं प्रचरण (व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) काढताना एकूण संख्येतून एक वजा करून जे येईल त्याने भागायचं. पुष्कळांचं उत्तर तिथेच चुकतं. इंग्रजी तुला जड नाही. पण व्याख्यानंही सगळी इंग्रजीत आहेत, म्हणून पहिल्या आठवड्यात वेग कमी ठेव आणि व्हिडिओखालची अक्षरं, म्हणजे सबटायटल्स, चालू ठेव.

पैशाची काळजी करू नकोस. फी विषयागणिक असते, ज्या सत्रात जे विषय घेशील तेवढेच पैसे. दुकानात दिवाळीची गर्दी असेल त्या सत्रात एकच विषय घे. मधेच थांबावं लागलं, तरी पूर्ण केलेल्या टप्प्याचं सर्टिफिकेट हातात असतं: फाउंडेशन, डिप्लोमा, बीएससी. उत्पन्न कमी असलं तर फीत सवलतही आहे. त्यासाठी तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला लागतो. सेतू केंद्रात बाबा सोमवारी अर्ज देतील. तू फक्त दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतंय का ते आज बघून कळव, कारण आधारमध्ये दुरुस्ती करायची म्हटली तर दिवस मोडतात.

वाण्याची जुनी बिलं डब्यात जमा करते आहे, चोवीस झाली. शनिवारी येशील तेव्हा जेवणं झाली की ओट्यावर गठ्ठा मांडू.

तुझी,
आई