‘खराब हवामान’ एवढ्यावर थांबू नका

मा. संपादक,
स. न.

लहान मालवाहू विमान कोसळले की बातमी आतल्या पानावर चार ओळींत आटोपते. हवा खराब होती, वैमानिक दगावले, चौकशी सुरू आहे. वर ‘प्रवासी नसल्याने मोठी जीवितहानी टळली’ असेही छापून येते. हे वाक्य मला फार लागते. त्या वैमानिकांच्या घरी काय टळले?

आम्हा ग्वाल्हेरकरांना हे दुःख परके नाही. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले होते. त्यांचे छोटे विमान मैनपुरीजवळ खराब हवेत कोसळले, आठही जण गेले. त्या दिवशी सारा देश हळहळला. विमानात औषधांची खोकी आणि दोन वैमानिक एवढेच असते, तर किती दिवस विचारपूस झाली असती?

धुके, ढग, पंखांवर धरणारे बर्फ यांवर कोणाचा ताबा नाही, कबूल. मोठी विमाने ढगांच्या वरून जातात, छोट्याला बहुधा त्यांतूनच वाट काढावी लागते. पण निघायचे की थांबायचे हे माणसेच ठरवतात, आणि सकाळपर्यंत माल पोचलाच पाहिजे हा तगादाही माणसांचाच असतो. माझे औषधांचे दुकान आहे. इन्शुलिनची थर्माकोलची पेटी उशिरा आली की आतल्या गारवा टिकवणाऱ्या गोठवलेल्या जेलच्या पिशव्या पार मऊ पडलेल्या असतात, त्यामुळे घाई मला समजते. तरीही पेटी दुसरी मागवता येते.

अमेरिकेत २००९ साली बफेलोजवळ प्रवासी विमान पडून ५० जण गेले. त्यानंतर वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम कडक झाले, २०१४ पासून लागूही झाले. केवळ माल नेणाऱ्या कंपन्यांना मात्र त्यांतून वगळले. मागे माणसे बसली आहेत की खोकी, यावर वैमानिकाची झोप कमी-जास्त लागते काय?

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अपघाताचा प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो वर्षभरात यायला हवा. आपण ती तारीख टिपून ठेवावी व अहवाल आला की ठळक छापावा: हवामानाची माहिती वैमानिकाला केव्हा मिळाली, तो किती तास ड्युटीवर होता, उड्डाणाचा निर्णय कोणाचा होता. अहवाल आला नाही, तर तेही छापावे.

आपला,
एक औषधविक्रेता
लष्कर, ग्वाल्हेर