दुकानात नुसती ‘गडद निळी’ मागू नका, बाटलीवरचं वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत शाईपेनवर चांगला लेख आला होता. लेकरांच्या हातात परत शाईपेन द्या, प्लास्टिकच्या रिफिलचा कचरा कमी होईल, अक्षर सुधारेल, हे सगळं पटलं. पण शेवटी शेवटी एक वाक्य होतं की गडद निळी शाई कुठलीही घ्या, सगळ्या सारख्याच असतात. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलेय.

मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका बचत गटाची सचिव आहे, अकरा वर्षं झाली. बैठकीचं इतिवृत्त, कर्जाच्या नोंदी सगळं मी शाईपेननंच लिहिते, वडलांचा पेन आहे, ड्रॉपरनं भरायचा. नेहमीची बाटली संपली तेव्हा दुकानदारानं तशीच दिसणारी दुसरी दिली, म्हणाला ताई तीच हाय, रंग बघा की. मी पण झाकण उघडून ट्यूबलाइटखाली बघितलं, दोन्ही काळपट निळ्या, काही फरक नाही. सहा महिने तिच्यानं लिहिलं. दोन वर्षांमागं पावसाळ्यात पत्र्यातनं पाणी गळालं आणि कपाटावरचं रजिस्टर रात्रभर भिजलं. वाळवून उघडलं तर जुन्या शाईची पानं जशीच्या तशी, कडेला पाण्याचा पिवळट डाग पण कुणी किती उचलले किती फेडले सगळं वाचता येतं. आणि नव्या शाईच्या पानांवर नुसते निळे ढग. आमच्या एका सदस्य बाईनं ८,००० रुपये फेडले होते, तिच्या नावापुढं काहीच राहिलं नव्हतं. तिच्याकडं पासबुक होतं म्हणून निभावलं, पण तोपर्यंत गटात जी कुजबुज झाली, त्या बाईला जे ऐकावं लागलं, ते मला अजून लागून राहिलंय. म्हणून सगळ्या सारख्याच असं कुणी लिहिलं की मला गप्प बसवत नाही.

फरक कुठं आहे ते सांगते. रॉयल ब्लू म्हणून जी शाई मिळते ती बहुतेक करून धुतली जावी म्हणूनच बनवलेली असते, शर्टवरचा डाग निघावा म्हणून. जर्मनीत शाळेतली मुलं असल्याच शाईनं लिहितात आणि चुकलं की शाई पुसायचा वेगळा पेन येतो त्यानं पुसतात, पेलिकनची ४००१ रॉयल ब्लू ही त्यातलीच. त्यात शाईचा दोष काहीच नाही, लेकरांच्या सरावाला ती उत्तमच आहे. पण त्याच कंपनीची, त्याच ४००१ नावाची ब्लू-ब्लॅक घ्या, ती पूर्ण वेगळी, तिच्यात लोह आहे. आपल्याकडं जुन्या काळी हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि हिरडा घालून शाई करायचे तीच रीत, तिकडं हिरड्याऐवजी मायफळ, जे आपण बाळगुटीत उगाळतो. लिहिताना जो निळा दिसतो तो फक्त लिहिलेलं दिसावं म्हणून घातलेला रंग असतो, खरी शाई हवा लागल्यावर हळूहळू काळी पडते आणि कागदाच्या धाग्यात धरून बसते, मग वरचा निळा पाण्यानं गेला तरी खालचं अक्षर राहतं. इंग्लंडात जन्म-मृत्यूच्या रजिस्टरसाठी रजिस्ट्रार्स इंक म्हणून वापरायचे ती हीच जात.

आता कुणी म्हणेल मंग ब्लू-ब्लॅक लिहिलेली घेतली की झालं. तसं पण नाही. कित्येक ब्लू-ब्लॅक निव्वळ रंगाच्या असतात, लोह बिह काही नाही. वॉटरमनची जुनी ब्लू-ब्लॅक, जी आता मिस्टिरियस ब्लू नावानं येते, ती कागदावर काही दिवसांनी हिरवट झाक धरते, पुष्कळ जणांना तीच आवडते, पण ती रजिस्टरची शाई नव्हे. जपानच्या सेलर कंपनीची सेई-बोकू अजून तिसरीच, तिच्यात विरघळलेला रंग नसून अगदी बारीक दळलेले रंगाचे कण असतात, वाळली की पाण्याला दाद देत नाही, पण पेनात वाळली तर ती काढताना जीव जातो. बाटलीत मात्र या सगळ्या शेजारी शेजारी ठेवा, एकसारख्या दिसतात.

आमच्या अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, चाळीसेक फूट लांब कापडावर लिहिलेली, चारशे वर्षं झाली तरी अक्षर आहे. दासोपंतांना रोज एक ढब्बू पैशाची शाई लागायची असं आमच्याकडं सांगतात. मी लहानपणी वडलांबरोबर ती बघितली तेव्हापासून कुठलीही शाई दिसली की मनात येतं, ही किती दिवस टिकेल.

आता मी नवीन बाटली आणली की आधी उन्हात बघते. काडेपेटीची काडी बुडवून पांढऱ्या कागदावर एक रेघ ओढायची आणि अंगणात न्यायची, ट्यूबलाइटखाली काळी दिसणारी एक जांभळट निघते, एक मोरपिशी, एक राखाडी. दुसरं म्हणजे शाळेत रसायनशास्त्रात करायचो तसा पांढरा खडू घ्यायचा, खालून दोन बोटं सोडून शाईचा ठिपका द्यायचा आणि बशीत थोडं पाणी घालून खडू उभा करायचा, ठिपका पाण्याच्या वर राहिला पाहिजे. पाणी वर चढतं तसे रंग सुटे होतात. माझ्याकडच्या एका बाटलीतनं वर आकाशी आणि खाली गुलाबी पट्टा आला, दुसरीतनं नुसता निळा पार टोकापर्यंत पळाला, आणि लोहवाल्या शाईचा निळा वर गेला पण ठिपक्याच्या जागी करडं वर्तुळ तसंच घट्ट बसलं. पण खरी परीक्षा नळाखालीच, ज्या कागदावर लिहिणार त्याच कागदावर लिहून एक रात्र वाळू द्यायचं आणि सकाळी धार सोडायची.

एक गोष्ट मात्र उन्हाळ्यात फसवते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४०-४२ अंशांत पेन चार दिवस तसाच पडला की आतलं पाणी उडतं आणि रॉयल ब्लूसुद्धा ब्लू-ब्लॅकसारखी उमटायला लागते, म्हणून तुलना करायची तर दोन्ही पेन त्याच दिवशी धुवून भरायचे. धुवायला बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारानं निबखालच्या जिभेच्या बारीक खाचा भरतात, जारचं पाणी वापरा. लोहवाली शाई आंबट असते, स्टीलची निब महिनोन्महिने न धुता ठेवली तर गंजते. आणि दोन गडद निळ्या एकमेकींत अजिबात ओतू नका. माझ्या लेकीनं सारख्याच दिसतात म्हणून अर्धा पेन एकीनं आणि अर्धा दुसरीनं भरला, आठवड्यात आत गाळ बसला, पेन एक रात्र पाण्यात ठेवला तेव्हा कुठं उतरला.

बाहेरच्या बाटल्या महाग पडतात हे खरं, पण आपल्या देशात शायांची काही कमी नाही, दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत जे काम सुरू केलं त्यातनंच आपली कॅमल शाई आली, बंगालात १९३४ पासून स्वदेशीच्या भावनेनं सुलेखा सुरू झाली. माझी मागणी एवढीच की दुकानदारांनी गिऱ्हाइकाला आधी विचारावं, कशासाठी पाहिजे, वहीला का रजिस्टरला, आणि गिऱ्हाइकानं गडद निळी द्या एवढंच न म्हणता बाटलीवर वॉशेबल लिहिलंय का परमनंट ते वाचूनच पैसे द्यावेत. ग्रामपंचायत, सोसायटी, बचत गट, जिथं जिथं अजून हातानं लिहितात तिथं तर नक्कीच.

पुढच्या पुरवणीत त्या एका वाक्याची दुरुस्ती छापावी ही विनंती. सोबत पाकिटात लेजरचा एक कागद ठेवलाय, त्यावर चार गडद निळ्या शायांनी एकच ओळ चार वेळा लिहिलीय आणि उजवी अर्धी बाजू नळाखाली धरलीय. डावीकडं चारही ओळी सारख्या दिसतात. उजवीकडं दोनच वाचता येतात.

आपली,
एका बचत गटाची सचिव
ता. अंबाजोगाई, जि. बीड