छपरावरची स्लेट फरशीसारखी विकत घेऊ नका

महोदय,

लोणावळा-महाबळेश्वर पट्ट्यातल्या नव्या बंगल्यांच्या उतरत्या स्लॅबवर नैसर्गिक स्लेटच्या (पाटीच्या दगडाच्या) लाद्या सिमेंटने किंवा केमिकलने चिकटवलेल्या हल्ली दिसतात. हे स्लेटचे छप्पर नव्हे, उतारावर घातलेली फरशी आहे. लाद्या एकमेकींवर चढलेल्या नसल्याने सांध्यातून पाणी शिरते आणि खाली साचून राहते. गळती नेमकी कुठून, हे मग कोणालाच सांगता येत नाही. एक लादी बदलायला जावे तर शेजारच्या दोन फुटतात. हिमाचलात कांगडा-चंबा भागातल्या जुन्या घरांवर स्लेट आहे, ती लाकडी सांगाड्यावर खिळ्यांनी ठोकलेली, एकीवर एक चढवलेली.

चूक बहुधा खरेदीतच होते, कारण लोक रंग पाहून माल पसंत करतात. तपकिरी-सोनेरी छटांची ‘मल्टिकलर’ स्लेट नजरेत भरते खरी, पण त्या छटा बहुतेक वेळा दगडातल्या लोहाच्या गंजाच्या असतात. भिंतीला ती चालेल. छपरासाठी एकसारख्या करड्या, काळ्या किंवा हिरवट रंगाचा दाट दगड पाहावा. नमुना तेल किंवा सीलर न लावलेलाच मागावा. चकाकीखाली दोष लपतात.

तपासणीला प्रयोगशाळा लागतेच असे नाही. लादी दोन बोटांत धरून टिचकी मारा: खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर आत चीर आहे किंवा पापुद्रे सुटू लागलेत. मग कोरडी लादी वजन करून २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. युरोपीय मानकात पाणी शोषण्याची मर्यादा ०.६ टक्के आहे, म्हणजे दोन किलोच्या लादीचे वजन १२ ग्रॅमहून जास्त वाढता कामा नये. त्यासाठी ग्रॅम दाखवणारा काटा हवा, भंगारवाल्याचा नको. तुटक्या कडेवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फेस आला तर दगडात चुन्याचा अंश आहे आणि शहरी धुराच्या हवेत तो फिका, ठिसूळ होईल. पिवळे चमकते ठिपके दिसले तर लगेच माल नाकारू नका. दोन आठवडे लादी आलटूनपालटून भिजवा-वाळवा. तपकिरी ओघळ उमटले तरच नाकारा.

आता हिशेब. ५०० × २५० मिमीची, ६ मिमी जाडीची लादी साधारण दोन किलो भरते. आपल्या पावसात उतार ३० अंशांपेक्षा कमी नको आणि तिसऱ्या ओळीतली लादी पहिल्या ओळीवर निदान १०० मिमी चढली पाहिजे. मग रिपांचे (लाद्या ठोकायच्या आडव्या लाकडी पट्ट्यांचे) अंतर २०० मिमी येते आणि चौरस मीटरला २० लाद्या लागतात. एका ब्रासला (१०० चौरस फूट) १८६ लाद्या, वजन पावणेचारशे किलोच्या आसपास. पत्र्यासाठी केलेल्या हलक्या अँगलच्या सांगाड्यावर हे ओझे टाकू नये. प्रत्येक ओळीतला उभा सांधा खालच्या लादीच्या मध्यावर यायला हवा. वाऱ्याने पाणी उलटे वर चढते, म्हणून लाद्यांची एकमेकींवरची १०० मिमीची चढ कमी करून लाद्या वाचवणारा कारागीर शेवटी महागच पडतो.

लाद्या जाडीप्रमाणे तीन ढिगांत लावून घ्या: जाड वळचणीला, पातळ आढ्याकडे. भोके लादीच्या मागच्या बाजूने पाडावीत, म्हणजे वरच्या अंगाला खळगा पडतो आणि खिळ्याचे डोके त्यात बसते. खिळे तांब्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच. साधे लोखंडी खिळे किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत गंजतात आणि दगड शाबूत असताना लाद्या घसरू लागतात. खिळा करकचून ठोकू नये. लादी त्यावर टांगलेली राहावी, आवळलेली नको.

ऑर्डर देताना एकाच खाणीचा, एकाच लॉटचा माल लिहून घ्या आणि हिशेबापेक्षा १० टक्के जास्त मागवा. पुढच्या लॉटची जाडी आणि छटा जुळत नाही. उरलेल्या लाद्या गॅरेजमध्ये उभ्या रचून ठेवा, आडव्या नव्हे. माकडांचा वावर असेल तिथे त्या पहिल्याच वर्षी लागतील.

— एक स्थापत्य अभियंता, सातारा